वाचनालयात लेखक येणार: वाचन किती, प्रश्न किती?

शाईपेन:
तालुक्याच्या वाचनालयात एका कादंबरीकाराला बोलवतोय. खुर्च्या ६०, वेळ दीड तास. अभिवाचन किती ठेवावं? प्रती किती मागवाव्यात?

जुनं_बाड:
एकूण १० मिनिटांवर नको. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, म्हणजे चारेक पानं. तीही दोन तुकड्यांत, मध्ये गप्पा. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’सारखं (साहित्य अकादमी पुरस्कार, २०२३) बोलीतलं पुस्तक असेल तर लेखकालाच वाचू द्या, प्रमाण उच्चारांच्या निवेदकाने वाचलं की हेल गेलाच. शेवटचं प्रकरण मात्र वाचू नका, विक्री तिथेच बसते. आणि दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत यांतच पाऊण तास जातो. मिळून १० मिनिटांत उरका!

समासातली_नोंद:
प्रती २० पुरेत. प्रकाशकाशी ‘उरलेल्या परत’ असं आधीच लेखी ठरवा. टेबल दाराशीच, क्यूआर कोड आणि सुटे पैसे तयार. सहीच्या रांगेत प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर लिहून पुस्तकात, सहीच्या पानावर खोचा. ‘श्रुति’ की ‘श्रुती’ हे लेखकाला विचारत बसावं लागलं की रांग तुंबते.

शाईपेन:
प्रश्नांना माइक फिरवायचा का?

जुनं_बाड:
फिरवा, पण हातात देऊ नका. स्वयंसेवकाने धरायचा. हाती दिला की प्रश्नाचं भाषण होतं. पहिले दोन प्रश्न पुस्तक वाचलेल्यांकडे आधीच देऊन ठेवा, नाहीतर सुरुवातीला नुसती शांतता.