गाडीवर दुसऱ्याच्या रंगाचे शिंतोडे, भरपाई कोणाकडे मागायची? (मदत हवी आहे)

घाईगडबड
लवकर सांगा कोणीतरी, डोकं फिरलंय. शेजारच्या इमारतीत रंगकाम चालू आहे, गाडी खाली उभी होती. आता बॉनेट, टप आणि डाव्या बाजूची दोन्ही दारं हाताला सँडपेपरसारखी लागतात. कंत्राटदार म्हणाला धुतलं की जाईल. धुतलं, नाही गेलं. आता फोन उचलत नाही. मला अख्खी गाडी नव्याने रंगवून हवी आहे, त्याच्या पैशाने. आधी वकिलाची नोटीस पाठवायची की थेट पोलिसांत जायचं? ज्यांनी प्रत्यक्ष पैसे वसूल केलेत त्यांनीच लिहा. "शांत राहा" वगैरे नको.

निवांत_नाना
रंग कोणता होता? गाडीचा नाही, त्यांचा. आणि हे कधी झालं?

घाईगडबड
पांढरा.

निवांत_नाना
अहो, प्रकार विचारतोय. भिंतीचा पाण्यातला इमल्शन, ग्रिलचा ऑइल पेंट, की दोन डबे एकत्र करून मारतात तो इपॉक्सी किंवा पीयू? तिन्ही पांढरे मिळतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा. "कधी झालं" त्याचंही उत्तर राहिलं.

तिसरा_गिअर
दादा, गाडी कोणती, किती जुनी? कंपनीचा रंग आहे की मधे कुठे डेंटिंग-पेंटिंग झालंय?

घाईगडबड
दादा नाही, ताई. तीन वर्षांची गाडी, राखाडी मेटॅलिक, एकदाही ठोकलेली नाही. गुरुवारी झालं. प्रकार मला काय माहीत, मी काय डबा उघडून बघितलाय का? माझा प्रश्न पैसे कसे काढायचे हा आहे.

चकाचक
म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, गाडी घेतल्या दिवशी सिरॅमिक कोटिंग करा. माझ्या गाडीवर पाणी टिकत नाही, चिखल टिकत नाही, काहीच टिकत नाही.

निवांत_नाना
कोटिंगवरही ऑइल पेंट बसतो, काढायला थोडा सोपा जातो इतकंच. आणि त्यांच्या गाडीवर गुरुवारीच पडून गेलाय. आता सांगून काय उपयोग?

गॅरेजमधला
ताई, अख्खी गाडी रंगवून मागू नका. मिळालं तरी नुकसान तुमचंच. कारखान्यात रंग मारतात तेव्हा नुसता सांगाडा असतो, आत वायर नाही, रबर नाही, सीट नाही. म्हणून तो भट्टीत साधारण १४० अंशांना भाजता येतो. आमच्याकडे गाडी येते ती सगळं बसवलेली, त्यामुळे रंगाच्या बंद खोलीत, बूथमध्ये, ६० अंशांच्या आसपास थांबावं लागतं. काम कितीही सुबक झालं तरी ते दुसरं काम. उद्या विकायला काढाल तर घेणारा रंगाची जाडी मोजायचा मीटर लावणार. मूळ रंग सगळ्या थरांसकट साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) भरतो, वरून रंगवलेलं पॅनेल त्याच्या दुप्पट दाखवू शकतं, आणि तो लगेच विचारणार, "कुठे ठोकली होती?"

त्यातून राखाडी मेटॅलिक. शेड जुळवायला शेजारच्या पॅनेलवर उतरवत न्यावी लागते, नाहीतर उन्हात दार वेगळं आणि फेंडर वेगळा दिसतो.

आता हे करून बघा. गाडी धुऊन सुकवा. एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला आणि बोटांची टोकं बॉनेटवरून अगदी हलकी फिरवा. नुसत्या हाताला लागत नाही तेही पिशवीतून कळतं. मग उजव्या दारावरून फिरवा, तिकडे शिंतोडे नाहीत म्हणालात ना? एकीकडे सरसर आवाज येईल, दुसरीकडे काहीच नाही. दोन्ही एकाच व्हिडिओत घ्या, कोणाला जास्त समजवावं लागणार नाही. उंचावरून आलेले थेंब बरेचदा हवेतच अर्धे वाळतात, रंगात मुरत नाहीत, वर बसतात. तसे असतील तर क्ले बारने निघतात.

घाईगडबड
क्ले म्हणजे माती ना? तीन वर्षांच्या गाडीला मी माती घासू?

गॅरेजमधला
मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा असतो तो. साबणाच्या पाण्यावर सरकवायचा, वर बसलेलं त्यात चिकटून येतं. दर थोड्या वेळाने दुमडून स्वच्छ बाजू वर घ्यायची. जमिनीवर पडला तर तो तुकडा सरळ टाकून द्यायचा, खालची रेती चिकटते आणि तुमच्याच हाताने ओरखडे पडतात. पण तुम्ही स्वतः करूच नका. करून घ्या, आणि बिल त्याला लावा.

चकाचक
क्लेनंतर पॉलिश लागणारच. आणि पॉलिशनंतर कोटिंग. 🙂

पुढचा_डावा
टूथपेस्ट लावून बघा. माझ्या दारावरचा ओरखडा गेला होता.

गॅरेजमधला
ओरखडा विचारलाच नाहीये कोणी.

हप्ता_वेळेवर
मूळ प्रश्नावर येतो, मी सतरा वर्षं विम्याच्या क्लेमची कामं पाहिली आहेत. पोलिसांत गेलात तर पहिला प्रश्न येईल, मुद्दाम केलं का? नाही. मग हा हलगर्जीचा, दिवाणी मामला, असं सांगून ते घरी पाठवण्याचीच शक्यता जास्त. तिथे वेळ घालवू नका.

पहिल्या दिवशी लेखी कळवायचं असतं. फोनवर नव्हे. कोणत्या दिवशी, गाडी कुठे उभी होती, काम कुठे चालू होतं, कोणत्या पॅनेलवर काय झालं, आणि अमुक दिवसांत येऊन बघा. हे कंत्राटदाराला पाठवा आणि त्याला काम देणाऱ्या इमारतीच्या लोकांनाही. कामाचा करार त्यांचा त्याच्याशी आहे, शेवटचं बिल अजून त्यांच्या हातात असेल. तुमचा फोन तो उचलणार नाही, त्यांचा उचलेल. शिवाय मोठा कंत्राटदार असेल तर कामावर अशा तिऱ्हाइताच्या नुकसानाचा विमा काढलेला असतो. विचारा.

फोटो मूळ फाइलमध्ये जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवला की तारीख-वेळेची माहिती त्यातून निघून जाते आणि चित्रही बारीक होतं.

तिसरा_गिअर
स्वतःच्या विम्यातून घेतलं तर?

हप्ता_वेळेवर
सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर घेता येईल, नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानापुरती असेल तर नाही. पण सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्या खिशातून जाते आणि नो क्लेम बोनसवर, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवर पाणी. क्ले-पॉलिशएवढं काम असेल तर परवडत नाही. नंतर कंपनी कंत्राटदाराच्या मागे लागून वसूल करू शकते, तो हक्क पैसे दिल्यावर त्यांच्याकडे जातो. म्हणून क्लेम करायचा विचार असेल तर त्याआधी कंत्राटदाराला "माझी काही तक्रार नाही" असं लिहून देऊ नका. तुम्ही सोडून दिलंत तर कंपनी वसूल कशाच्या जोरावर करणार? मग तुमचाच क्लेम अडकतो.

रंगारी_मीच
जरा आमचीही बाजू. मी रंगकामाचीच कंत्राटं घेतो. आम्ही नोटीस लावतो, दोनदा शिट्टी मारतो, तरी लोक गाडी हलवत नाहीत, आणि मग रंग पडला की नवी गाडी मागतात. जुने डाग आमच्या माथी मारणारेही पाहिलेत. ताई, गाड्या हलवा अशी नोटीस होती की नव्हती? हे त्यांनी लिहिलेलंच नाही.

गॅरेजमधला
नोटीस लावली म्हणजे कुठेही फवारा मारायला मोकळे का? वारा असताना स्प्रेगन चालवायचीच कशाला? ग्रिलला ब्रश पुरतो. मागे ताडपत्री धरली तरी निम्मं वाचतं.

रंगारी_मीच
चार मजल्यांचं ग्रिल ब्रशने मारून दाखवा, मग बोलू.

गॅरेजमधला
तुम्ही वेळ वाचवणार आणि निस्तरायचं आम्ही.

निवांत_नाना
तुमचं चालू द्या. ताई, नोटीस?

झाडाखाली_पार्किंग
मधेच विचारतो, माझ्या गाडीवर झाडाचा चीक पडतो, तो कशाने जाईल?

घाईगडबड
नोटीस होती. ग्रुपवर आली होती, सोमवार आणि मंगळवार गाड्या हलवा म्हणून. मी दोन्ही दिवस लांब लावली होती. बुधवारी परत आणली. गुरुवारी हे झालं. यात माझी काय चूक?

हप्ता_वेळेवर
अहो ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं! नोटिशीतले दिवस संपल्यावर, नव्याने न कळवता काम लांबवलं, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. त्या मेसेजचा तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. दोन दिवसांत गाडी हलवली नसती तर थोडा दोष तुमच्याकडेही आला असता आणि रक्कम कापली गेली असती. आता ते बोलूच शकत नाहीत.

रंगारी_मीच
हे मात्र मान्य. काम लांबलं तर परत कळवायला पाहिजे. मी असतो तर साफ करून दिली असती.

निवांत_नाना
शेजारी अजून गाड्या होत्या ना? त्या लोकांना धरा. एकटीचं ऐकत नाहीत, तिघांचं ऐकतात.

घाईगडबड
आणखी दोन गाड्या आहेत, आज बोलते. अजून एक. शुक्रवारी रात्री मी बॉनेटच्या कोपऱ्यात कापडाला थिनर लावून घासलं होतं. थेंब गेले पण तिथे तळहाताएवढा भाग धुरकट झालाय. आता कंत्राटदार म्हणतोय गाडी तुम्हीच खराब केली.

गॅरेजमधला
अरेरे. कोणता थिनर? ऑइल पेंटचा की एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा)? एनसी जहाल असतो, प्लॅस्टिक आणि रबराला तर लावूच नये. कंपनीचा रंग चांगला पिकलेला असतो म्हणून लगेच विरघळत नाही. पण तुम्ही थेंबांसकट घासलंत, म्हणजे ते वाळलेले कण कापडाखाली फिरले. धुरकटपणा बहुतेक त्या बारीक रेघांचा आहे. क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसापेक्षा पातळ. त्यातले एक-दोन मायक्रॉन काढून पॉलिश केलं की बहुधा परत चमकेल. पण यापुढे हात लावू नका. उन्हापासून वाचवणारं द्रव्य त्याच थरात असतं, घासत बसलात तर काही वर्षांनी तिथेच सालपटं निघतील.

हप्ता_वेळेवर
आणि तो कोपरा लपवू नका. अर्जात स्वतःहून लिहा: इतका भाग मी साफ करायचा प्रयत्न केला, तो वेगळा धरावा. त्याने शोधून काढला तर बाकीच्या टपावर आणि दारांवरही संशय घेईल. तिथल्या थेंबांना तुम्ही हातही लावलेला नाही, तेच तुमचे पुरावे. दोन ठिकाणांहून लेखी अंदाज घ्या, कोपऱ्याचं काम वेगळ्या ओळीत लिहून घ्या.

चकाचक
अंदाजात कोटिंग पण घालून टाका, कोण बघतंय.

हप्ता_वेळेवर
सगळे बघतात. गाडी होती तशी करून मागायची, होती त्याहून चांगली नाही. फुगवलेल्या एका ओळीमुळे खऱ्या चार ओळी कापल्या जातात.

घाईगडबड
कळवते. आम्ही तिघांनी मिळून इमारतीच्या सचिवांना पत्र दिलं, तासाभरात कंत्राटदार हजर. त्याच्या हातात पिशवी घालून दिली आणि म्हटलं फिरवा. डाव्या दारावरून फिरवली, मग उजव्या. मग परत डाव्या. काही बोलला नाही. डब्याचा फोटो काढून घेतलाय, ऑइल पेंटच आहे. तिन्ही गाड्यांचं क्ले आणि पॉलिश आम्ही सांगू त्या माणसाकडून, पैसे तो देणार. माझा कोपरा माझ्या खर्चाने, ते मी मान्य केलं. पण आजच एका कागदावर सही मागतोय, "पूर्ण व अंतिम, यापुढे मागणी नाही" असं. करू का?

हप्ता_वेळेवर
आज नाही. काम झाल्यावर, गाडी धुऊन, उन्हात उभी करून, पिशवी फिरवून मग. तोपर्यंत कागदावर फक्त "अमुक काम अमुक तारखेपर्यंत करून देईन" आणि सही त्याची.

गॅरेजमधला
काळी प्लॅस्टिकची पट्टी, वायपरखालची जाळी आणि काचेचं रबर बघायला विसरू नका. क्ले तिथे चालत नाही, खरखरीत प्लॅस्टिकमध्ये रंग रुततो. निघाला नाही तर पट्टी बदलूनच घ्यावी लागते. ते आत्ताच लिहून घ्या. काचेवरचे थेंब ब्लेडने जातात, साबणाचं पाणी मारून, ब्लेड अगदी आडवं धरून. रंगावर ब्लेड नाही.

घाईगडबड
पट्टीवर आहेत. आत्ता जाऊन बघितलं. जाळीवर पण. लिहून घेते.

झाडाखाली_पार्किंग
आणि चिकाचं कोणी सांगेल का?