पायथन: चुकीचं इनपुट आणि ऑब्जेक्टची लिस्ट फाइलमध्ये कशी ठेवायची?

प्रश्न:
पुस्तकांची यादी ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहितेय. पानांचा आकडा विचारल्यावर कोणी अक्षरं टाकली की व्हॅल्यूएरर (चुकीच्या इनपुटची चूक) येऊन सगळं बंद पडतं, आणि लिस्ट फाइलमध्ये लिहिली तर नाव-पानं न येता 'बुक ऑब्जेक्ट ॲट' आणि पुढे काहीतरी विचित्र आकडा दिसतो. काय करू?

उत्तर १:
व्हाइल ट्रू लूप (ब्रेक म्हणेपर्यंत फिरत राहणारा) घे, आत ट्राय, त्यात इंट (टाइप केलेल्याचा पूर्णांक करणारं फंक्शन), बरोबर निघालं की ब्रेक, चूक आली तर ती एक्सेप्टमध्ये पकड. फक्त एक्सेप्टपुढे व्हॅल्यूएरर लिहायला विसरू नकोस, मोकळं एक्सेप्ट कंट्रोल-सी (प्रोग्राम थांबवायच्या कळा) पण गिळतं आणि मग प्रोग्राम थांबतच नाही. शिवाय उणे ५ हाही इंटच आहे, तो इंट अडवणार नाही, म्हणून शून्यापेक्षा मोठा आहे का ते वेगळं बघ. आणि गंमत म्हणजे '१२३' असे देवनागरी आकडे इंटला चालतात!

उत्तर २:
फाइलचं सांगतो. तो आकडा म्हणजे ऑब्जेक्टचा मेमरीतला पत्ता, प्रोग्राम बंद झाला की काही कामाचा नाही. प्रत्येक बुकची डिक्शनरी (नाव, पानं अशा लेबलांसकट माहिती) कर आणि ती लिस्ट जेसनमध्ये (डेटा साध्या मजकुरात ठेवायची पद्धत) टाक. मराठी नावं असतील तर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ दे आणि जेसन लिहिताना एन्शुअर-आस्की फॉल्स कर, नाहीतर फाइल उघडल्यावर यू०९१५ असलं काहीतरी वाचत बसशील. परत वाचताना डिक्शनऱ्याच मिळतात, त्यांचे बुक तुलाच बनवायचेत.

प्रश्नकर्ती:
जमलं! पहिल्यांदा फाइलच नसते तेव्हा?

उत्तर २:
फाइलनॉटफाउंडएरर पकड, रिकामी लिस्ट दे.