एरिचेला (सिसिली) कॉन्फरन्स आहे, डोंगरावर पोचायचं कसं आणि राहायचं कुठे?

क्षकिरण
नमस्कार मंडळी, मी पुण्यात पीएचडी करतेय, विषय क्रिस्टलोग्राफी, म्हणजे स्फटिकांच्या रचनेचा अभ्यास. एरिचेला दरवर्षी इंटरनॅशनल स्कूल ऑफ क्रिस्टलोग्राफी भरतं त्यात माझं पोस्टर (म्हणजे माझ्या संशोधनाचा मोठा तक्ता) घेतलंय, पत्र कालच आलं, घरी पेढे पण वाटून झाले! आता खरी काळजी सुरू झालीय कारण देशाबाहेर पहिल्यांदाच जातेय आणि आमच्या लॅबमधून तिकडे आधी कोणी गेलेलं नाही. नकाशात बघितलं तर गाव त्रापानी शहराच्या अगदी डोक्यावर, 750 मीटर उंच डोंगरावर आहे आणि मला परवडणारं विमान पालेर्मोला रात्री साडेनऊला उतरतं. तिथून वर कसं जायचं, केबल कार रात्री चालू असते का? शिवाय खाली त्रापानीत समुद्राजवळ एक स्वस्त हॉटेल दिसतंय, तिथे राहून रोज सकाळी केबल कारने वर गेलं तर चालेल का? मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. व्हिसाचंही कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, तिकीट अजून काढलेलं नाही.

घाटवाट
सगळ्यात आधी मनापासून अभिनंदन, ही शाळा 1974 पासून चालू आहे आणि आपल्या क्षेत्रातले भलेभले लोक तिथे विद्यार्थी म्हणून बसून गेलेत.

आता तुझ्या प्रश्नाकडे. केबल कारच्या भरवशावर काहीच ठरवू नकोस. ती छान आहे, दहाएक मिनिटांत वर नेते, पण रात्री बंद होते आणि वारा जोरात सुटला की दिवसासुद्धा बंद ठेवतात, आणि त्या डोंगरावर वारा सुटायला काही निमित्त लागत नाही. रात्री साडेनऊला पालेर्मोला उतरून, बॅग घेऊन, मग त्रापानीला जायला गाडी शोधायची, मग त्रापानीहून वर 15 किमी घाट, हे पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाने करूच नये. पालेर्मोचा विमानतळ शहरात नाही, शहराच्या पश्चिमेला आहे, म्हणजे एरिचेच्या बाजूलाच, त्यामुळे पालेर्मो शहरात शिरायची गरजच नाही. तिथून वर पोचायला गाडीने तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. कॉन्फरन्स जिथे आहे त्या मायोराना सेंटरवाल्यांची येण्याच्या आणि परतीच्या दिवशी विमानतळावरून गाड्यांची सोय असते, ते आधी एक फॉर्म भरून घेतात, त्यात विमानाचा नंबर आणि वेळ नीट लिही. म्हणून आधी त्यांना मेल कर की गाड्या किती वाजेपर्यंत आहेत, उत्तर आल्यावरच तिकीट काढ. दुपारी पोचणारं विमान दोन-तीन हजारांनी महाग असलं तरी घे, रात्रीच्या टॅक्सीला त्याच्या कितीतरी पट जातील.

राहायचं मात्र वरच. याबद्दल माझं मत पक्कं आहे. सेंटर 1963 मध्ये सुरू झालं आणि त्यांनी गावातले जुने पडीक मठ दुरुस्त करून त्यातच लेक्चर हॉल आणि खोल्या केल्या, सान रोक्को, सान दोमेनिको, सान फ्रांचेस्को अशी नावं आहेत. तू झोपशील ती खोली कधीकाळी मठातली असेल. विद्यार्थ्यांना बहुतेक दोघींत एक खोली मिळते. आणि राहणं-जेवण बऱ्याचदा फीमध्येच धरलेलं असतं, पत्र परत एकदा वाच, कदाचित खालच्या हॉटेलचे पैसे तू उगाच वरून भरशील.

रत्नागिरीकर
घाटवाट यांचं बरोबर आहे पण त्रापानीला एवढं बाद करू नका. मी, बायको आणि मुलगा असे गेलो होतो, मी कॉन्फरन्सला आणि ते दोघं फिरायला. आम्ही खालीच राहिलो. बाजार, किनारा, मिठागरं, सगळं खाली आहे, लहान मूल असेल तर वर दिवसभर काय करणार, गाव तासाभरात फिरून होतं. केबल कार बंद असली तर बस असते, तिकीट तबाकीच्या म्हणजे सिगरेट-तंबाखूच्या दुकानात आधीच घेऊन ठेवायचं. रविवारी बस कमी असतात एवढंच.

घाटवाट
@रत्नागिरीकर कुटुंब असेल तर खाली राहणं बरोबरच, मान्य. पण ही एकटी जातेय, पोस्टर आहे, तिला लोक भेटायला हवेत. तिथलं खरं काम संध्याकाळी लेक्चर संपल्यावर सुरू होतं. सान रोक्कोमध्ये मार्साला वाइनचं पिंप ठेवलेली खोली आहे, रात्री सगळे तिथे जमतात, आणि ज्यांचे पेपर वाचून आपण थिसिस लिहितो ते लोक बाजूला बसून तुझ्या डेटाबद्दल विचारतात. वाइन घ्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही, पाण्याचा ग्लास घेऊन बस, पण बस. खाली राहिलं की शेवटची केबल कार गाठायला नेमकं गप्पा रंगायच्या वेळेला उठावं लागतं. तरुण पोरांनी हे चुकवू नये असं मला फार वाटतं.

बोरिवली_ते_बोलोन्या
जेवणाचं मी सांगते. गावातल्या बऱ्याच रेस्टॉरंटशी सेंटरची व्यवस्था असते, तुम्ही बॅज दाखवून त्यांच्यापैकी कुठेही जेवू शकता, म्हणजे रोज एकाच मेसमध्ये मासे बघत बसावं लागत नाही. पहिल्याच दिवशी "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे" पाठ कर, म्हणजे मांस नको मासे नको. पेशे वेगळं सांगावंच लागतं कारण तिकडे मांस नाही म्हटलं की मासे चालतील असं धरतात, आणि अच्चुगे नावाचे बारीक खारे मासे पिझ्झावर, भाजीत, ब्रेडमध्ये कुठेही सापडतात. त्रापानीचा कुसकुस प्रसिद्ध आहे पण तो माशाच्या रश्श्यातला, तो नको. बिनधास्त खायचं म्हणजे बुसियाते पास्ता, त्यावर त्रापानीचा पेस्तो, त्यात टोमॅटो, बदाम, लसूण, तुळशीसारखी बाझिल आणि चीज. कापोनाता म्हणजे वांग्याची आंबटगोड भाजी, आपल्या तोंडाला लगेच आवडते. पानेल्ले मिळाले तर सोडू नकोस, चण्याच्या पिठाचे तळलेले काप असतात. गोडात एरिचेची बदामाची मिठाई, आणि जेनोवेझे म्हणजे आत गरम कस्टर्ड असलेली पेस्ट्री, तुला अंडं चालतं म्हणून सांगते. रात्रीचं जेवण आठच्या आधी विसरा, दुपारी बॅगेत काहीतरी ठेव, खाकरा, चिक्की, काहीही.

कपडे: उंची साधारण आपल्या माथेरानएवढी आहे पण समुद्र पायथ्यालाच, त्यामुळे ढग थेट गल्लीत शिरतात. खाली त्रापानीत घाम आणि वर त्याच वेळी धुकं असं जूनमध्येही होतं. स्वेटर आणि वारा अडवणारं जॅकेट हातातल्या बॅगेतच ठेव. रस्ते सगळे दगडी फरसबंदीचे, चढउताराचे, घासून गुळगुळीत झालेले, ओले झाले की घसरतात. चाकांची मोठी बॅग ओढताना हात निघतो, पाठीवरची सॅक आण आणि रबरी सोलचे बूट. सॉकेटचं म्हणशील तर फोनच्या चार्जरच्या दोन बारीक गोल पिना चालून जातात, पण लॅपटॉपचा आपला तीन पिनांचा प्लग अजिबात बसत नाही, अडॅप्टर पुण्यातूनच घेऊन जा.

फाइलवाला
व्हिसा आणि पैसे. शेंगेनचा, म्हणजे इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, अगदी शेवट म्हणजे 15 दिवस आधी, पण एवढं ताणू नकोस, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, व्हिसा फी 90 युरो आहे पण सायंटिफिक सेमिनार किंवा कॉन्फरन्सला जाणाऱ्या संशोधकांना आणि शिक्षणासाठी जाणाऱ्या पोस्टग्रॅज्युएट विद्यार्थ्यांना ती माफ आहे, शेंगेनच्या नियमातच लिहिलंय. सेंटरचं निमंत्रणपत्र आणि तुझ्या संस्थेचं पत्र जोडून काउंटरवर स्पष्टपणे विचार. अर्ज घेणाऱ्या एजन्सीचा सर्व्हिस चार्ज मात्र भरावाच लागतो.

सरकारी ट्रॅव्हल ग्रँट असेल तर तिकीट कुठल्याही वेबसाइटवरून काढू नकोस. एअर इंडियाची सक्ती आता राहिलेली नाही पण बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीन एजंटांकडूनच काढावं लागतं, नाहीतर बिल अडकतं. बोर्डिंग पास सगळे जपून ठेव, येतानाचे पण.

आणि ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन देशांत शिरताना फोटो घेऊन नोंद करतात, बोटांचे ठसे व्हिसावाल्यांचे अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात. जिथे पहिल्यांदा उतरशील, रोम म्हण किंवा फ्रँकफर्ट, तिथे ही रांग लागते, म्हणून पुढच्या विमानाला निदान तीन तास ठेव, आणि शक्यतो मुंबई ते पालेर्मो एकाच तिकिटावर काढ, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं बघणं कंपनीचं काम.

क्षकिरण
बापरे, किती सविस्तर! सगळ्यांचे खूप खूप आभार. पत्र परत वाचलं, राहणं-जेवण खरंच फीमध्ये आहे, त्यामुळे खालचं हॉटेल कॅन्सल. गाड्यांबद्दल मेल पण केला. आता दोनच गोष्टी, पोस्टर नळीत घालून न्यायचं का, आणि गावात पोचल्यावर अंधारात एकटीला कुठे जायचं ते कळेल ना?

बोरिवली_ते_बोलोन्या
पोस्टर कापडावर छापून घे, पुण्यात करून देतात, घडी घालून सॅकमध्ये जातं आणि नळी विमानात विसरायची भीती नाही. वर छापून मिळेल ही आशा ठेवू नकोस.

घाटवाट
आणि एकटी वगैरे घाबरू नकोस. या शाळेत मदतीला केशरी स्कार्फ घातलेली मुलंमुली असतात, खोली कुठली, जेवण कुठे, औषधाचं दुकान कुठलं, सगळं तेच सांगतात. नोंदणी सान रोक्कोत होते, गाडीवाल्याला तेवढंच नाव सांग. सेंटरचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेव, फोनमध्ये तर ठेवशीलच. मेलचं उत्तर आलं की इथे टाक, मग विमान बघू.