घराशेजारची गिधाडं: तुमचे अनुभव लिहा

दापोलीकडच्या आमच्या वाडीत माडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी असायची. दिवाळीच्या आसपास काटक्यांची ने-आण सुरू व्हायची. जोडीचं वर्षाला एकच अंडं. शिटेने झावळ्या पांढऱ्याफटक पडायच्या, नारळ कमी धरायचे, गडी त्या माडावर चढायला नाही म्हणायचा. तरी आजोबांनी घरट्याचा माड तोडू दिला नाही. ढोर मेलं की ढोरटाकीवर न्यायचं, संध्याकाळी नुसती हाडं उरायची. ज्यांनी गिधाडं घराजवळ पाहिली आहेत त्यांनी लिहा, त्रास झाला असेल तर तोही लिहा.

मुंबई
आमचं घर मलबार हिलला, डुंगरवाडीच्या (पारशांच्या अंत्यविधीच्या जागेच्या) झाडीलगत. पावसात भिजलेली गिधाडं समोरच्या टाकीवर पंख पसरून बसत. आई गच्चीवर पापड घालायची नाही. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली, का ते कोणालाच कळेना. पारशी शेजाऱ्यांचे तर अंत्यविधीच अडले. पुढे दोखम्यांत, म्हणजे गिधाडांसाठी मृतदेह ठेवायच्या उघड्या बुरुजांत, सौर परावर्तक बसवावे लागले.

पशुवैद्यक, सातारा
गिधाडं नाहीशी होण्याचं कारण डायक्लोफेनॅक, जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक. संशोधकांनी २००४ मध्ये ते दाखवून दिलं. हे औषध दिलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा थर बसतो. जनावरांसाठी २००६ मध्ये बंदी आली, तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गोठ्यात येत राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलीची केली. त्याऐवजी देता येणारं मेलॉक्झिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे. गाईला सुई टोचून घेण्याआधी औषधाचं नाव विचारा, कृपा करून.

व्हर्जिनिया
इथे उलटं, गिधाडं भरपूर! हिवाळ्यात काळ्या गिधाडांचा थवा आमच्या गल्लीत मुक्कामाला येतो. गाडीच्या वायपरचं रबर सोलतात, छपराच्या फटीतलं सील उपटतात. जवळ गेलं तर ओकतात, तो वास दिवसभर जात नाही. स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणाऱ्या १९१८ च्या कायद्यामुळे परवान्याशिवाय मारता येत नाही, आणि ते योग्यच आहे. शेजाऱ्यांनी झाडाला गिधाडाचा पुतळा उलटा टांगला तेव्हा थवा हलला. रस्त्यावर मेलेली हरणं मात्र हीच साफ करतात.

दापोली (धागाकर्ता)
डॉक्टर, तालुक्याच्या दुकानांत मेलॉक्झिकॅम सहज मिळतं का? आणि घरट्याचा माड राखणाऱ्या बागायतदाराला नारळाची भरपाई कुठे मिळाली असेल, तर कशी मिळाली ते सविस्तर लिहा. आमच्या शेजारच्या वाडीत सांगायचं आहे.