मदत हवी आहे: बाबांसोबत जोडलेलं जुनं मिग-२१

नमस्कार मंडळी. माझं पहिलं मॉडेल किट (सुटे प्लास्टिकचे भाग जोडून छोटी प्रतिकृती बनवायचा संच) म्हणजे १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, मिग-२१ लढाऊ विमान. १९८६ साली बाबांनी मुंबईहून आणलं, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आम्ही नाशिकचे. जवळच्या ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात हीच विमानं बनायची, त्यामुळे डोक्यावरून जाणारं विमान आपल्या हाताने जोडायचं याचं केवढं अप्रूप! पंखांचा पसारा जेमतेम दहा सेंटीमीटर. फ्रेममधून भाग ब्लेडने कापायचे ते बाबा, डिंक लावायचो मी. त्या डिंकाचा वास आजही आठवतो.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, ते टीव्हीवर पाहिलं आणि माळ्यावरून डबा काढला. बाबा आता नाहीत. विमान आहे, पण एक पंख निखळलाय, कॉकपिटची काच पिवळी पडलीये आणि वर इनॅमल रंगाचे जाड थर आहेत.

रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल का? की जुनं प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकेल? डिंकाने प्लास्टिक वितळून एकजीव झालेले सांधे मला उघडायचे नाहीत, बाबांची जोडणी तशीच राहू द्यायची आहे. काच पॉलिश करून साफ होते का? आणि विमानावरच्या हवाई दलाच्या तिरंगी चक्रांचे १/७२ चे डेकल (चिकटवायची छापील चित्रं) पुण्यात किंवा मुंबईत कुठे मिळतील?

ज्यांनी स्वतः जुनं किट असं दुरुस्त केलंय, त्यांनी जरूर सांगा. घाई अजिबात नाही. मुलगी आता दहा वर्षांची आहे, रंगकाम आम्ही दोघं मिळून करणार आहोत.