‘डीटीएम’ला ग्रामसभेत काय म्हणावं?

प्रश्न : गोंदिया जिल्ह्यात मामा तलावांच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावांच्या कामावर आहे. विमानातून लेझर सोडून केलेल्या मोजणीवरून ‘डिजिटल टेरेन मॉडेल’ (डीटीएम) कसं बनतं, याचं टिपण ग्रामसभेसाठी करायचं आहे. ‘अंकीय भूप्रदेश प्रतिमान’ असं लिहिलं तर दुसरी ओळ कुणी वाचणार नाही. काय लिहू?

उत्तर : भाऊ, ‘भूप्रदेश’ नकोच. मेळघाट हा भूप्रदेश. तुम्हाला सांगायची आहे जमिनीची उंची. ‘भूपृष्ठ’ही नको, त्यात डीएसएम (डिजिटल सरफेस मॉडेल) आणि डीटीएम यांतला फरकच बुडतो. लेझरचा एक झोत सागावर पडला की थोडा शेंड्यावरून परत येतो, थोडा फांद्यांवरून, आणि पानांतून वाट मिळाली तर उरलेला जमिनीवरून. परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं. शेंडे आणि छपरं धरून काढलेली उंची म्हणजे डीएसएम. झाडं-घरं वगळून काढलेली ती डीटीएम. मी सरळ ‘उघड्या जमिनीचा उंची-नकाशा’ लिहीन.

प्रश्न : पटलं. आणि ‘फिल्टरिंग’ला, म्हणजे जमिनीवरचे बिंदू झाडं-घरांवरच्या बिंदूंपासून वेगळे करण्याला, ‘गाळणे’?

उत्तर : ‘गाळणे’ म्हटलं की गाळलेलं फेकलं असं वाटतं. इथे सहसा काही फेकत नाहीत. झोत जिथून जिथून परत आला ते सगळे बिंदू फाइलमध्येच राहतात, फक्त प्रत्येकाला वर्गाचा क्रमांक मिळतो : जमीन २, उंच झाडोरा ५, इमारत ६. बायका सुपात तांदूळ निवडतात तसं हे काम आहे, म्हणून ‘निवडणी’. मग फक्त २ क्रमांकाचे बिंदू त्रिकोणांनी जोडले की जमिनीचा आकार उभा राहतो.

आणखी एक उत्तर : ‘निवडणी’ उत्तमच, पण टिपणात धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, उदाहरण नक्की घ्या. धुऱ्यावरचा पळस नकाशातून जायला हवा आणि धुरा राहायला हवा, कारण धुरा मातीचा आहे आणि पाणी तोच अडवतो. निवडणीचे निकष फार कडक ठेवले तर अरुंद धुरा झाडझुडूप समजून वगळला जातो. नकाशाची एकेक चौकट ५ मीटरची असेल तर बांधीचे (धानाच्या खाचराचे) धुरे बहुतेक दिसतच नाहीत. १ मीटरची चौकट मागा. नाहीतर नकाशावर पाणी धुरे ओलांडून सरळ वाहताना दिसेल, आणि ज्याची बांधी आहे तो शेतकरी त्या नकाशावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. त्याचं बरोबरच असेल.

प्रश्न : तलावाच्या तळाचं काय? गाळ किती साचला, हेच लोक आधी विचारतील.

उत्तर : जमिनीच्या मोजणीत सहसा अवरक्त लेझर असतो, बहुधा १०६४ नॅनोमीटरचा. पाणी तो शोषून घेतं, त्यामुळे भरलेल्या तलावाचा तळ मिळत नाही. पाण्यात शिरतो ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, तोही पाणी गढूळ असेल तर फार खोल जात नाही. म्हणून आपल्याकडे उड्डाण एप्रिल-मे मधलं बरं : सागाची पानं गळलेली, बांध्या बऱ्याच रिकाम्या, तलाव खाली गेलेले. तरी गाळाची जाडी एका नकाशावरून निघत नाही; त्यासाठी तळाची जुनी मोजणी हवी, किंवा तळात खड्डे घेऊन पाहावं लागेल. टिपणात ‘तलावाचा तळ’ असं लिहू नका, ‘त्या दिवशी उघडा असलेला तळ’ लिहा आणि शेजारी उड्डाणाची तारीख टाका. पाळ (तलावाचा बांध) आणि सांडवा यांची उंची मात्र बिनधास्त वापरा, त्यांवर झुडपं फार दाट नसतील तर.