२८ जणांचा दोन दिवसांचा स्वयंपाक, महाबळेश्वर: प्रमाण काय धरावं?

पाटावरवंटा
डिसेंबरात शुक्रवार रात्र ते रविवार सकाळ महाबळेश्वरला बंगला घेतला आहे. मोठी माणसं २२, मुलं ६. आचारी नाही, पण हाताखाली चार-पाच जण आहेत. तिथे दोन बर्नरची घरगुती शेगडी, एक सिलिंडर आणि छोटा फ्रीज एवढंच आहे.

बेत असा: शुक्रवारी रात्री मुगाची खिचडी, कढी, पापड. शनिवारी सकाळी पोहे, दुपारी पिठलं, भाकरी, भात. रात्री बाहेर. रविवारी मिसळ खाऊन निघायचं.

घरचं चौघांचं प्रमाण सरळ सातने गुणलं तर चालेल का? आणि भांडी केवढी न्यावीत?

शेगडीवाला
डाळ-तांदूळ, भाजी, मीठ गुणा. पाणी, तिखट, तेल आणि वेळ मात्र गुणू नका.

पाणी का नाही, तर वाफ पातेल्याच्या तोंडावरून जाते. तांदूळ सातपट झाला तरी तोंड काही सातपट रुंद होत नाही. त्यामुळे वाया जाणारं पाणी त्या मानाने कमी, आणि घरचा हिशेब लावला की खिचडीची पेज होते.

सहा मुलांना तीन मोठ्यांइतकं धरलं तर पानं २५. जुना कोलम २ किलो आणि मूगडाळ १ किलो पुरे. मऊ खिचडीला घरी मापाच्या साडेतीन-चारपट पाणी घालत असाल, तर इथे तिप्पट, म्हणजे साडेदहा-अकरा लिटर. मीठ आधी १०० ग्रॅम, बाकीचं चव बघून. तिखट आणि फोडणीचं तेल सातऐवजी पाचपट. हवं तर पानात ठेचा आहेच, शिवाय मुलं जेवणार आहेत.

आता भांडी. एकच २० लिटरचा टोप नेऊ नका. घरगुती बर्नरवर दहा-अकरा लिटर पाणी उकळायलाच पाऊण तास जातो, आणि बर्नर लहान असल्याने आच मधोमध लागून तेवढाच भाग करपतो. १०-१२ लिटरची जाड बुडाची दोन पातेली न्या आणि खिचडी निम्मी-निम्मी दोन्ही बर्नरवर लावा. कढी त्याआधीच करून बाजूला ठेवा, वाढताना फक्त कोमट करायची. ती उकळली की फाटते, म्हणून ताकाला बेसन लावलेलं असू द्या. पाच लिटर ताकाला दीडशे ग्रॅम.

डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास निथळा. फोडणीवर पाच-सहा मिनिटं परता आणि पाणी उकळतंच घाला. गार पाणी घातलं तर पुन्हा उकळी येईपर्यंत तांदूळ बुडाशी बसतो. पाणी दाण्यांच्या बरोबरीला आलं की पातेल्याखाली तवा सरकवा, आच मंद करा, झाकणावर पाण्याचं तांब्याभर वजन ठेवा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. एवढं करूनही करपलंच, तर ढवळायचं नाही. वरची खिचडी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा, बुडाला झारा लागू द्यायचा नाही. एकदा खरवडलं की करपट वास सगळ्या पातेल्याला लागतो.

मटकीउसळ
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण ठिकाण महाबळेश्वर आहे हे विसरू नका. उंची साधारण १३५० मीटर. तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणजे उघड्या पातेल्यात कडधान्य जास्त वेळ घेतं. मूगडाळीला दहा मिनिटं जादा धरा. मटकी मात्र कुकरलाच लावा, एक शिट्टी. दोन शिट्ट्यांत मोड गळून पडतात. १० लिटरचा कुकर असेल तर हातानेच उचलून न्या, तिथे भाड्याने शोधत बसू नका.

मिसळीला सुकी मटकी सव्वा किलो. गुरुवारी रात्री भिजत घाला, शुक्रवारी सकाळी उपसून सुती फडक्यात बांधा आणि तशीच गाडीत घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली की बुळबुळीत होते, वास येतो. डिसेंबरच्या थंडीत मोड यायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून रात्री पुरचुंडी चादरीत गुंडाळून ठेवा. रविवारी सकाळी बरोबर तयार असते. दहीही तिथे लावायचं नाही, त्या गारठ्यात ते लागत नाही. कढीचं ताक घरूनच न्या.

कटाचं वाटण घरी करा: कांदा पाऊण किलो, सुकं खोबरं ३०० ग्रॅम, आलं-लसूण, सगळं खरपूस भाजून शक्यतो पाण्याशिवाय वाटायचं आणि तेल सुटेपर्यंत परतायचं. पाण्याचा अंश राहिला तर रविवारपर्यंत आंबतं, म्हणून पोचल्यावर डबा पहिल्यांदा फ्रीजमध्ये. ओलं खोबरं तर अजिबात नको. पाव ७५, फरसाण दीड किलो, कट सात-आठ लिटर.

भाजीपाला पसरणीचा घाट चढण्याआधी वाईला घ्या. वर स्वस्त काही मिळत नाही, आणि रात्री आठला तर दुकानंच शोधावी लागतील.

दडपेपोहे
पोह्यांबद्दल कोणीच बोललं नाही, आणि माणसं जास्त असली की तेच सगळ्यात जास्त बिघडतात.

जाड पोहे २ किलो, कांदा १ किलो, बटाटे पाऊण किलो (आदल्या रात्री उकडून ठेवलेले), दाणे पाव किलो, तेल ३५० मिली, लिंबं १०. पोहे भिजवायचे नाहीत. चाळणीत अर्धा-अर्धा किलो घेऊन धुवायचे आणि दहा मिनिटं निथळायचे. परातभर पाण्यात दोन किलो एकदम ओतले की तळातल्यांचा लगदा होतो आणि वरचे कोरडेच राहतात. मीठ-साखर निथळलेल्या पोह्यांवर भुरभुरून हाताने चोळा. फोडणीत घातली तर एवढ्या ढिगात सारखी लागत नाही.

एका घाण्याला एक किलोच्या वर नाही. दुसरा घाणा उशिरा उठणाऱ्यांसाठी, कांदा चिरून तयार ठेवून मागाहून टाकायचा. पहिल्यातलेच झाकून ठेवायचे असतील तर वर ओलं फडकं हवं, नाहीतर तासाभरात दातांची परीक्षा.

पिठल्याला बेसन १ किलो, पाणी साडेसहा-सात लिटर. त्यातल्या दोन लिटर गार पाण्यात बेसन रवीने घुसळून चाळणीतून गाळा. उरलेलं पाणी फोडणीत उकळलं की एकाने बारीक धार धरायची, दुसऱ्याने ढवळायचं. हे एकट्याचं काम नाही. कोरडं पीठ वरून पेरायला गेलात तर गुठळ्या मोजत बसाल. गॅसवरून उतरवताना थोडं पातळच असू द्या, पानात येईपर्यंत आळतं.

भाकरी स्वतः थापू नका. एका किलो पिठाच्या दहा-बारा होतात, म्हणजे पन्नास भाकऱ्यांना दोन तव्यांवर अख्खी सकाळ गेली. बंगल्याच्या रखवालदाराकडे आदल्या दिवशी विचारा, जवळपासच्या घरांतून कोणी करून देतं का. सोबत भात दीड किलोचा.

पाटावरवंटा
सगळ्यांचे आभार. दोन पातेली आणि कुकर नक्की. शुक्रवारची खिचडी उरली तर शनिवारी दुपारी वाढता येईल का? रात्री थंडी असतेच.

शेगडीवाला
थंडी बाहेर असते, पातेल्याच्या पोटात नाही. झाकून ठेवलेली पाच किलो खिचडी मधून कितीतरी तास कोमट राहते. भातातले काही जिवाणू शिजवूनही मरत नाहीत, त्या कोमटपणात वाढतात, आणि त्यांचं विष परत गरम करून जात नाही. जेवणं झाल्याबरोबर परातीत पसरून निववा आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाका. छोट्या फ्रीजमध्ये जागा नसेल तर दोन किलो तांदळाऐवजी पावणेदोन घ्या आणि पापड वाढवा.

मटकीउसळ
चहा राहिलाच. एका वेळच्या २५ कपांना दूध दीड लिटर, पाणी सव्वा लिटर, साखर पावणेदोनशे ग्रॅम, चहापूड ५५-६० ग्रॅम. आलं पाण्यातच उकळून घ्या. दुधात कच्चं पडलं तर दूध नासू शकतं, आणि तेवढं दूध सकाळी सहाला परत कुठून आणणार? सिलिंडर किती भरलेला आहे तेही आजच फोन करून विचारा, एक जादा मागून ठेवा.